वायरशिवाय मोटर फिरेल का?

प्रश्न: गणपतीमागचं चक्र फिरवायला लॅमिंग्टन रोडवरून वायरलेस कॉइलचा सेट आणला, एक कॉइल पाटाखाली, दुसरी वर. एलईडी मस्त लागतो पण मोटर जरा थरथरते नि गप्प. मोटर गेली का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: मोटर बिचारी ठीकच असणार हो. एलईडीला 20 मिलिअँपिअर पुरतात, पण मोटर सुरू होताना चालू असतानाच्या कित्येक पट करंट खेचते, तेवढा कॉइल देऊ शकत नाही मग व्होल्टेज बसतं. आधी बघा, वरच्या कॉइलला एसीचा डीसी करणारं सर्किट आहे का, नुसती कॉइल असेल तर तिथून निघतो एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट, तोही सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट होणारा, त्यावर एकाच दिशेचा करंट लागणारी डीसी मोटर फिरणार नाही. फास्ट डायोडचा ब्रिज लावा, म्हणजे एसीचा डीसी करणारी चार डायोडची जोडणी, पुढे करंट सपाट करायला 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. साधा 4007 डायोड नको, तो या स्पीडला तापतो. आणि पाट जाड असेल तर पातळ प्लायवुड घ्या, अंतर वाढलं की पॉवर धपकन पडते. 2007 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठवाल्यांनी 2 मीटरवरून 60 वॅटचा बल्ब पेटवला खरा, पण पॉवर पोचली साधारण 40 टक्केच. हां, मधे स्टीलचं ताट ठेवू नका, मोटर राहील बाजूला, ताटच तापेल!