पापलेटच्या तोंडात दात?

प्रश्न: मागच्या रविवारी बाजारातून पापलेट आणलं, स्वस्तात मिळालं म्हणून खुश होती, तर साफ करताना तोंडात माणसासारखे दात दिसले! ठाण्याची नणंद व्हिडीओ कॉलवर म्हणते हे पापलेटच नाही. मग आम्ही खाल्लं काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: घाबरू नका ताई, तुम्ही रूपचंद खाल्ला. हा गोड्या पाण्यातला मासा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पिरान्हाच्या कुळातला (पण माणसाला खात नाही बाप्पा), आणि आता आंध्राकडे तलावांत भरपूर पाळतात. आकार गोलसर चपटा म्हणून समुद्रापासून लांबच्या गावांत तो पापलेट म्हणूनच विकला जातो, कुठे चायनीज पापलेट म्हणतात. गंमत अशी की चायनीज पापलेट नावाचा खराखुरा समुद्री मासा आहेच, कोकणात त्याला कापरी म्हणतात. आणि रूपचंद हे नाव तरी कुठं त्याचं स्वतःचं, बंगालीत रूपचांदा म्हणजे समुद्रातलं पापलेट!

तुमच्या नणंदेचं पापलेट म्हणजे चंदेरी, ज्याला सरंगाही म्हणतात. 2023 मध्ये तो महाराष्ट्राचा राज्य मासा झाला, आणि तेव्हा मत्स्यव्यवसाय मंत्री होते चंद्रपूरचे मुनगंटीवार, म्हणजे समुद्राच्या माशाला मान मिळाला तो आपल्या विदर्भाच्या मंत्र्याच्या काळात. काळं पापलेट म्हणतात तो हलवा, कूळच वेगळं, शेपटीजवळ हात फिरवला की खरखरीत कडक खवले लागतात. चवीला मस्त असतो, उगाच त्याला दुय्यम समजतात. बाकी इंग्रजीत अटलांटिकमधल्या भलत्याच माशांनाही पॉम्फ्रेट म्हणतात, त्यात आपण पडायला नको.

ओळखायचं कसं? तोंड उघडून बघा, दात मोठे अन् चपटे दिसले की रूपचंद. दुसरं म्हणजे पाठीवरचा पर संपल्यावर शेपटीच्या आधी एक छोटासा मांसल पर असतो, तो चंदेरी पापलेटला नसतोच. रूपचंदच्या पोटाशी बरेचदा लालसर झाक असते. तुकडे करून ठेवले असतील तर मात्र कठीण आहे, म्हणून अख्खाच घ्या आणि कापायच्या आधी भाऊला सरळ विचारा, समुद्राचं का तलावाचं?

रूपचंद वाईट नाही हो, सावजी रश्श्यात तर चांगलाच लागतो, फक्त पापलेटच्या भावात घेऊ नका.