वावरातला कापूस आणि जर्मनीतला वर्ग

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

काल बाजारात तुझे बाबा भेटले. भाजी घेता घेता म्हणाले, "मॅडम, पोट्टी म्हन्ते जर्मनीले जातो चार हप्ते. ते बी जुलैत, निंदनाच्या टायमाले. हे कोनती उन्हाळी शाळा व्हय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी त्यांना तिथे उभ्या उभ्या काही सांगू शकले नाही, म्हणून हे पत्र. आधी तू वाच आणि मग त्यांना वाचून दाखव.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर साधं आहे. युरोपात उन्हाळा जुलै-ऑगस्टमध्ये असतो. त्या सुमारास तिथल्या विद्यापीठांचे नेहमीचे वर्ग संपत आलेले किंवा बंद असतात, वसतिगृहातल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या असतात, आणि तेव्हा ती बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी तीन-चार आठवड्यांचे वर्ग चालवतात. आपल्याकडे तेव्हा कापसाची पऱ्हाटी गुडघ्याला येत असते आणि डवरणी-निंदणाची घाई असते. ही अडचण खरी आहे, ती झाकू नको. तू नसशील तेव्हा कामाला कोण लागेल आणि त्याची मजुरी किती होईल, हे कागदावर मांड आणि तो आकडा सहलीच्या खर्चात धर. बाबांना तो आकडा दिसला की निम्मं बोलणं तिथेच होईल. पोळ्याच्या आत तू घरी असशील हेही सांग.

मी गेले होते ते ब्रेमेनला, उत्तर जर्मनीत. सकाळी नऊ ते साडेबारा जर्मन भाषा, दुपारी व्यापाराचे तास, आठवड्यातून एकदा एखाद्या कंपनीत किंवा बंदरावर. पहिल्याच दिवशी भाषेची चाचणी घेऊन गट पाडतात. त्या चाचणीत येतं तेवढंच लिही. वरच्या गटात बसवलं आणि काही कळलंच नाही, तर चार आठवडे हातचे जातात. वेळापत्रकात '9 सी.टी.' असं लिहिलेलं असलं तर तास सव्वानऊला सुरू होतो, 'एस.टी.' असलं तर ठोक्याला. ही तिथल्या विद्यापीठांची जुनी रीत आहे.

भाषेची धास्ती तू घेतली आहेस, ती मला तुझ्या बोलण्यात जाणवते. इंग्रजीच जेमतेम, त्यात आणखी एक, असं तू म्हणालीस. मला वाटतं, मराठी माणसाला जर्मन सोपी जाते आणि हे आपल्याला कोणी सांगत नाही. बघ. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, डेर, डी, दास. आपली तो, ती, ते. हिंदीवाल्याला तिसरं लिंग नव्याने शिकावं लागतं, तू ते आईच्या मांडीवर शिकलीस. 'दास मेडशेन' म्हणजे मुलगी, आणि शब्द नपुंसकलिंगी. इंग्रजी बोलणारी मुलं यावर डोकं धरून बसतात, आपण रोज 'ते पोरगं' म्हणतो. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी घेतो, वीस नंतर. तेही 'पाच आणि वीस' असंच म्हणतात. आणि हे वाक्य बघ: 'वाइल इश नाख हाउजं गेहे.' शब्दामागे शब्द ठेव: कारण मी घरी जाते. क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखं. सगळ्या वाक्यांत असं होत नाही, पण जिथे इंग्रजीवाला अडखळतो तिथे तू चालत जाशील. 'झी' आणि 'डू' म्हणजे आपलं तुम्ही आणि तू. कोणाला काय म्हणायचं याचं भान आपल्या हाडात आहे. समोरचा मोठा माणूस स्वतःहून 'डू' म्हणू या असं म्हणेपर्यंत 'झी' सोडू नको.

म्हणून सुरुवात इथेच कर. जाण्याआधी निदान ए-2 पर्यंत पोच, बी-1 झालं तर फार छान. युरोपात भाषेच्या पायऱ्या ए-1 पासून सी-2 पर्यंत सहा मोजतात. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, पण त्यासाठी पुण्याला राहायला जायची गरज नाही, आता वर्ग घरबसल्या होतात. संध्याकाळी लाइट गेली तर वही घेऊन बस आणि शब्द मोठ्याने म्हण. शून्यातून सुरुवात करायला चार आठवडे आणि एवढा पैसा खर्चू नये, असं माझं ठाम मत आहे. 'नमस्कार, माझं नाव अमुक' हे तू इथे शिकू शकतेस.

आता व्यापाराचं. ब्रेमेनच्या बाजारचौकाजवळ कापूस बाजाराची इमारत आहे. तो बाजार 1872 साली सुरू झाला. आपल्या वऱ्हाडात तेव्हा इंग्रजांनी कापसासाठीच रेल्वे आणून अगदीच थोडी वर्षं झाली होती. मी त्या इमारतीसमोर उभी होते आणि माझ्या डोक्यात आमचं कापसातली सरकी काढायचं जिनिंग, सरकीचा वास आणि बैलगाड्यांची रांग होती. कापसाला जर्मनमध्ये 'बाउमवोले' म्हणतात. बाउम म्हणजे झाड, वोले म्हणजे लोकर. झाडावरची लोकर. अडीच हजार वर्षांपूर्वी हिरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे, की हिंदुस्थानात झाडांना लोकर येते आणि ती मेंढीच्या लोकरीपेक्षा सुंदर असते. आपल्या वावरातल्या पिकाचं ते वर्णन परक्या भाषेच्या रोजच्या शब्दात अजून तसंच बसलेलं बघून मला भरून आलं होतं.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला दहा मिनिटं बोलायचं होतं. मी कापसावर बोलले. वर्गाला आवडलं. मग पोलंडच्या एका मुलीने विचारलं, "एका शर्टाच्या किमतीतले शेतकऱ्याच्या हाती किती येतात?" मला सांगता आलं नाही. कापसाच्या घरात वाढलेली मी, आणि माझ्याकडे आकडा नव्हता. ती चुटपुट आजही आहे. तुझं तसं होऊ नये म्हणून आताच सांगते.

घरात गेल्या तीन वर्षांच्या काटापट्ट्या, म्हणजे कापूस विकल्याच्या वजनाच्या पावत्या असतील, त्या शोध. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला की साधारण 34 किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. 170 किलोची गाठ व्हायला म्हणून पाच क्विंटल कापूस लागतो. आपले व्यापारी रुईचा भाव खंडीत बोलतात, खंडी म्हणजे सुमारे 356 किलो. न्यूयॉर्कचा भाव असतो पौंडाला सेंटमध्ये. हे सगळं एका मापात आणून बघ: त्या दिवशी बाबांना काय मिळालं, जिनिंगवाल्याने रुई काय भावाने विकली, जगात भाव काय होता, सरकीचे किती आले. मग बियाणं, खत, वेचाईची मजुरी. हा हिशेब मराठीत पक्का झाला की त्याची पाच वाक्यं जर्मनमध्ये कर. तुझं दहा मिनिटांचं भाषण तयार झालं, आणि त्या वर्गात असं भाषण दुसऱ्या कोणाकडे नसेल.

एक तास मी कधी विसरणार नाही. हिशेबातले शब्द चालले होते, बिल, येणी, देणी. बाईंनी फळ्यावर 'शुल्डेन' लिहिलं, म्हणजे कर्ज. खाली 'शुल्ट' लिहिलं, म्हणजे अपराध. शब्द एकाच मुळाचे. वर्गाने वहीत उतरवून घेतलं आणि पुढे गेला. मी तिथेच थांबले. आपल्या गावांत कर्जापायी कोणाकोणाच्या घरी काय झालं ते तुला मी सांगायला नको. कर्ज म्हणजे गुन्हा असं इथेही माणसाच्या मनात कोणीतरी घालतंच, आणि तो मान खाली घालून बँकेच्या पायऱ्या चढतो. पण आपल्या भाषेत 'ऋण' हाही शब्द आहे. 'मी तुमचा ऋणी आहे' असं आपण आभार मानताना म्हणतो, त्यात अपराध नसतो. मी तास संपल्यावर बाईंना हे मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि अर्धा तास आम्ही बोललो. व्यापार आणि भाषा एकत्र का शिकायची हे मला त्या अर्ध्या तासात कळलं. करारात लिहिलेल्या शब्दामागे समोरच्या माणसाच्या मनात काय असतं, ते नुसत्या इंग्रजीतून हाती लागत नाही.

पैशाचं आता. फी कुठे काही शे युरो, कुठे दोन हजारांच्या वर. विमान, खोली, जेवण वेगळं. वावर गहाण ठेवून किंवा सोनं मोडून जाऊ नको, मी तुला जाऊ देणार नाही. जर्मन सरकारच्या पैशावर चालणारी डाड (DAAD) नावाची संस्था विद्यापीठांच्या उन्हाळी वर्गांसाठी शिष्यवृत्ती देत आली आहे. पदवीची दोन वर्षं झालेली असावी लागतात आणि जर्मन यावी लागते. मुदत बहुधा आदल्या वर्षीच्या डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, तेव्हा पुढच्या जुलैसाठी दिवाळीतच कागद तयार हवेत. ती त्या वर्षी आहे का आणि नियम काय, हे त्यांच्या संकेतस्थळावर बघ. आपल्या राज्य सरकारची परदेशी शिष्यवृत्ती पूर्ण पदवीसाठी आहे, चार आठवड्यांना ती मिळत नाही. कोणी म्हणालं की तिथे गेल्यावर नोकरी लावून देतो, तर त्याला घरातून बाहेर काढ. या व्हिसावर काम करता येत नाही.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच, 90 दिवसांपर्यंतचा. फी 90 युरो, शिवाय निदान 30,000 युरोचा आरोग्य विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नको. पासपोर्ट आजच काढायला घे. आपल्या गुणपत्रिकेवर सगळं नाव एका ओळीत असतं, पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत, आणि एखादं अक्षर जरी वेगळं असलं तर पत्रव्यवहारात महिना जातो. माझा गेला होता. कॉलेज तेव्हा सुरू असेल, तर प्राचार्यांची परवानगी लेखी घे. परत येताना प्रमाणपत्रावर किती क्रेडिट आहेत ते बघून घे. तिथलं एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम.

खाण्याचं आई विचारेल. तूप आणि खव्याचं काही नेऊ देत नाहीत, दुधाच्या पदार्थांना युरोपात बंदी आहे. तिखट, हळद, गोडा मसाला ने. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भर. रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो, पहिल्या दिवसांत झोप लागत नाही, खिडकीला चादर लाव.

रविवारी सकाळी घरी ये. काटापट्ट्या आण, कॅल्क्युलेटर माझ्याकडे आहे. बाबांनाही घेऊन ये, मजुरीचा आकडा त्यांच्याच तोंडून ऐकायचा आहे.

तुझी,
मॅडम