विजयालक्ष्मी पंडित यांचे यजमान मराठी होते हे खरं का? त्यांच्याबद्दल फारसं कुठे वाचायला का मिळत नाही?

हो, खरं आहे. विजयालक्ष्मी म्हणजे जवाहरलाल नेहरूंची बहीण. नेहरूंच्या घरातला जावई, त्यात आडनाव पंडित, म्हणजे काश्मिरी पंडितच असणार, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वर्षानुवर्षं तसंच वाटायचं. तो समज गेला एका ग्रंथालयात. 'राजतरंगिणी' या काश्मीरच्या जुन्या संस्कृत इतिहासग्रंथाचा इंग्रजी अनुवाद हाती आला, साहित्य अकादमीने पुन्हा छापलेला. अनुवादकाचं नाव रणजित सीताराम पंडित. मधे वडिलांचं नाव, मग आडनाव. म्हटलं, अरेच्चा, हा तर आपल्याकडचा माणूस दिसतोय.

घराणं मूळचं कोकणातलं, बांबुळी गावचं. वडील राजकोटला वकिली करत, त्यामुळे रणजित यांचं घर काठियावाडात. याच घराण्यातले शंकर पांडुरंग पंडित. सायणाचार्यांच्या भाष्यासह अथर्ववेद त्यांनी संपादित केला, आणि तुकोबांच्या गाथेची 'इंदुप्रकाश' प्रत ज्यांच्या हातून सिद्ध झाली त्यांतलेही ते एक. त्यांच्या कन्या क्षमा राव संस्कृतात काव्य लिहीत आणि टेनिस खेळत. नात लीला राव हिने तर १९३४ साली विंबल्डनला सामना जिंकला. तोवर कुठल्याच भारतीय बाईला ते जमलं नव्हतं. थोडक्यात, नेहरूंचं नाव जोडलं गेलं नसतं तरी या घराबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ होतं.

रणजित ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर झाले. १० मे १९२१ ला अलाहाबादेत लग्न झालं. मुहूर्त पंचांग बघून काढलेला, पण १० मे म्हणजे १८५७ च्या मेरठच्या उठावाचा दिवस! त्यात लग्नाच्या निमित्ताने गांधीजींसह काँग्रेसची झाडून सगळी मंडळी गावात. तिथल्या इंग्रजांनी हाय खाल्ली, काहीजण म्हणे खिशात पिस्तुलं घेऊन फिरत होते. हा किस्सा नेहरूंनीच आत्मचरित्रात सांगितलाय. माहेरची सरूप कुमारी सासरी विजयालक्ष्मी झाली, आणि पुढे १९५३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची अध्यक्ष म्हणून जगाला माहीत झालं ते हे सासरचं नाव. ज्यांच्यामुळे ते मिळालं, ते मात्र 'नेहरूंचे मेहुणे' एवढ्यावरच राहिले.

वकिली सोडून ते चळवळीत उतरले आणि मग तुरुंगवाऱ्या सुरू झाल्या. १९३० मध्ये नैनीच्या तुरुंगात नेहरू आणि ते एकत्र होते. तिथलं आवार भकास. रणजितना बागकामाचं वेड, त्यांनी तिथे फुलंच फुलं फुलवली. एवढ्यावर थांबले नाहीत, त्या टीचभर जागेत छोटंसं गोल्फचं मैदानही आखलं! मला हा माणूस खरा आवडला तो इथे.

आणि याच तुरुंगात त्यांनी 'राजतरंगिणी' हाती घेतली. बाराव्या शतकातल्या कल्हणाचा ग्रंथ, आठ तरंग, साडेसात हजारांच्या वर श्लोक. ऑरेल स्टाइनचा इंग्रजी अनुवाद आधीपासून होता, तरी यांनी नव्याने केला आणि १९३५ मध्ये तो छापला गेला. नेहरूंनी त्याला प्रस्तावना लिहिली, तीही देहरादूनच्या तुरुंगात बसून. गंमत बघा, काश्मीर सोडून दोनशे वर्षं झालेल्या सासुरवाडीला काश्मीरचा इतिहास इंग्रजीत आणून दिला तो कोकणातल्या जावयाने. विशाखदत्ताचं 'मुद्राराक्षस' नाटक आणि कालिदासाचं 'ऋतुसंहार' काव्य हेही त्यांनी इंग्रजीत आणले. 'ऋतुसंहार' पुस्तकरूपात आलं १९४७ साली, तेव्हा ते हयात नव्हते.

शेवट वाईट झाला. बरेलीच्या तुरुंगात तब्येत पार ढासळली. सरकारने सोडलं तेव्हा उशीर झाला होता. १४ जानेवारी १९४४ ला, संक्रांतीच्या दिवशी, लखनौला ते गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं, पदरी तीन मुली, मुलगा नाही. तेव्हाच्या हिंदू कायद्यात अशा विधवेची जी गत व्हायची तीच विजयालक्ष्मींची झाली. मोतीलाल नेहरूंची लेक असूनही मिळकतीच्या वादात त्यांना हात चोळत बसावं लागलं. स्वतःच्या आठवणींत त्यांनी हे मोकळेपणी लिहिलंय. मुलीला बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलाइतका वाटा देणारा वारसा कायदा आला १९५६ मध्ये.

आता ते वाचायला का मिळत नाहीत? मला वाटतं, लिहिलं ते इंग्रजीत, राहिले गुजरात आणि उत्तर प्रदेशात, म्हणून आपण त्यांना आपलं मोजलं नाही. आणि तिकडच्यांना त्या घरात लिहायला आणखी मोठी माणसं होती. तीन मुलींतली मधली म्हणजे लेखिका नयनतारा सहगल. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते ठरलं होतं. इंग्रजीत लिहिणारी बाई मराठी संमेलनाला कशाला, असा वाद पेटला आणि निमंत्रण मागे घेतलं गेलं. न झालेलं ते भाषण नंतर छापून आलं, मिळालं तर जरूर वाचा. महाराष्ट्राशी आपलं नातं वडिलांकडून आहे, असं त्यात त्या सांगतात, आणि वडिलांची ओळख करून देताना नावं घेतात ती याच तीन अनुवादांची.