‘क्वांटम ऑफ सोलेस’ हा बाँडपट ‘कसिनो रोयाल’इतका का नावाजला गेला नाही?

माझ्या मते मूळ अडचण पटकथेची होती. ‘कसिनो रोयाल’ (2006) जिथे संपतो, जवळजवळ तिथूनच 2008 चा हा पुढील भाग सुरू होतो. परंतु नोव्हेंबर 2007 मध्ये अमेरिकेतील पटकथालेखकांचा संप सुरू झाला आणि पुरेशी न घोटलेली संहिता घेऊनच चित्रीकरणाला उभे राहावे लागले. काही प्रसंग आपण आणि दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर यांनी मिळून लिहिले, असे या चित्रपटात बाँड साकारणारे डॅनियल क्रेग यांनीच पुढे सांगितले आहे. त्यात संकलन इतके तुटक, की सुरुवातीच्या मोटारींच्या पाठलागात कोण कुठे आहे हेच उमगत नाही. अनेक समीक्षकांनीही यावर बोट ठेवले. तिकीटबारीवर मात्र चित्रपटाने जगभरात 58 कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली.

तरीही तो जरूर पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. ऑस्ट्रियातील ब्रेगेंझच्या तलावावरील रंगमंचावर ‘टोस्का’ हा ऑपेरा सुरू असताना घडणारी चकमक, जिच्यात गोळ्यांचे आवाज बाजूला सारून केवळ संगीत ऐकू येते, ही बाँडपटांतील अत्यंत देखण्या प्रसंगांपैकी एक आहे.