डिस्नीच्या सिनेमाआधीचा तो किल्ला पूर्वी साधा निळा होता का, की मला भास होतोय?

भास नाही हो, बरोबर आठवतंय तुम्हाला. तुम्ही म्हणताय की लहानपणी कॅसेट लावली की सपाट निळा किल्ला यायचा आणि आता तोच सिनेमा ऑनलाइन लावला तर झगमगाटवाला येतो. दोन्ही खरे आहेत. बऱ्याच जुन्या सिनेमांच्या नव्या प्रती काढताना त्यांनी जुना लोगो उडवून तिथे नवा चिकटवलाय, म्हणून नव्वदच्या आसपासच्या सिनेमापुढे २००६ चा किल्ला दिसतो. मला ते जुन्या देवळाला बाथरूमच्या टाइल्स लावल्यासारखं वाटतं, पण असो.

मी गोव्यातल्या म्हापशाचा, बरीच वर्षं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग केलंय, त्यामुळे सिनेमापेक्षा त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाकडे माझं जास्त लक्ष असतं, घरचे वैतागतात.

कंपनी १९२३ ची, पण हा किल्ला आला १९८५ ला. त्याआधी नावाची पाटी यायची नुसती. ८५ च्या लोगोत निळ्या पडद्यावर उजेडाच्या रेघांनी किल्ला उभा राहतो, खाली वॉल्ट डिस्ने पिक्चर्स, मग एक ठिणगी वरून कमान काढत जाते, खलास. मागे जी धून आहे ती १९४० च्या पिनोकियोतल्या गाण्याची, त्या गाण्याला ऑस्कर पण मिळालेलं. आता नीट बघा, ह्यात कॅमेरा हलतच नाही, हलतो तो फक्त उजेड. किल्ल्याला मागची बाजूच नाही. आम्ही चवथीला थर्माकोलचं मखर कापून मागून लाइट सोडतो ना, सेम तसं. आपल्या प्रभातची तुतारीवाली बाई पण एका जागी उभी राहूनच तुतारी फुंकते, आणि लोकांच्या डोक्यात कायमची बसली, तेव्हा हलायलाच पाहिजे असं काही नाही.

मधे एक भानगड झाली जी खूप जणांना माहीत नसते. १९९५ ला टॉय स्टोरी आला तेव्हा तो बनवणाऱ्या पिक्सार स्टुडिओने, ज्यांचे सिनेमे डिस्नेच थिएटरात आणायची, हाच किल्ला कॉम्प्युटरवर स्वतःचा वेगळा बनवून घेतला, आणि तो त्यांच्या सिनेमांना २००६ च्या कार्सपर्यंत चालला. म्हणजे अकरा वर्षं एकाच कंपनीचे दोन किल्ले थिएटरात फिरत होते.

मग २००६ च्या जुलैत पायरट्स ऑफ द कॅरिबियनच्या दुसऱ्या भागापुढे तो मोठा आला, जो तुम्हाला आता त्या जुन्या सिनेमांपुढे दिसतो. न्यूझीलंडच्या वेटा डिजिटल स्टुडिओने तो रेंडर केला, म्हणजे एकेक फ्रेम, एकेक चित्र, कॉम्प्युटरकडून काढून घेतलं, धून तीच पण संगीतकार मार्क मॅन्सिनाने नव्याने बांधली. सुरुवात आकाशातल्या ताऱ्यापासून, कॅमेरा ढगातून खाली उतरतो, नदी, नदीत बोट, एक आगगाडी धूर सोडत जाते, मग फडकणाऱ्या झेंड्याला जवळजवळ घासून कॅमेरा मागे मागे येतो आणि पूर्ण किल्ला समोर, वर आतषबाजी, आणि शेवटी तीच जुनी कमान. बदल सगळा इथेच आहे बघा. कॅमेरा फिरवायचा म्हटल्यावर किल्ल्याला मागची बाजू लागते, खाली जमीन लागते, जमीन आली की नदी नको का, नदी आली की बोट. ८५ चा किल्ला शिक्का होता, हा गाव झाला.

आणि एकदा गाव झाला की त्यात काय पाहिजे ते करता येतं. २०१० च्या ट्रॉन लेगसीत किल्ला निऑनच्या रेघांचा, २०१४ च्या मॅलेफिसंटमध्ये किल्लाच बदलून टाकला, २०१६ च्या जंगल बुकमध्ये मुद्दाम जुन्या हाताने रंगवलेल्या चित्रासारखा. मधे २०११ ला मपेट्स सिनेमापासून किल्ल्याखालच्या नावातून वॉल्ट पण गेला आणि पिक्चर्स पण, राहिलं नुसतं डिस्ने. कंपनीच्या शंभरीसाठी २०२२ मध्ये परत नवा केला, मागे डोंगर, धबधबा. सुंदर आहे, पण इतकं भरलंय की डोळा कुठे ठेवायचा कळत नाही.

तो २००६ चा थिएटरात बघितल्यावर मी पण पेटलो. आमच्या स्टुडिओचा लोगो करायचा, कॅमेरा आकाशातून खाली येणार आणि समोर मंगेशीची सात मजली दीपमाळ, एकेक मजला पेटत जाणार. दहा सेकंद फक्त. दहा सेकंदांच्या अडीचशे फ्रेम होतात, आमच्या मशीनवर एका फ्रेमला चार मिनिटं, म्हणजे साडेसोळा तासांच्या वर. जुलैचा पाऊस, रात्री दोनला लाइट गेली, यूपीएसने वीस मिनिटं तग धरला आणि सगळं बंद. सुदैवाने फ्रेम एकेक करून सेव्ह होत होत्या. सकाळी लाइट आली, मशीन परत लावलं तेव्हा खाली पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजत होता आणि पाचव्या मजल्याच्या पणत्या पेटायच्या बाकी होत्या. पुढे वेळच मिळाला नाही, सीझन सुरू झाला, मग दीपमाळ चारच मजल्यांपर्यंत पेटते आणि लगेच नाव येतं असंच ठेवलं.

पहिलं लग्न दिलं फोंड्याच्या एका पार्टीला. नवरीच्या मावशीने दहा सेकंदपण बघितलं नाही, म्हणाली, "देवळाचा व्हिडिओ नंतर दाखव रे बाबा, आधी आमचं लग्न लाव."