सीईटीचे पर्सेंटाइल नेमके काय मोजते?

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडसारख्या तालुक्यातील मराठी शाळेत दहावीला नव्वद टक्के मिळवणारी मुलगी एमएचटी-सीईटीत, म्हणजे बारावीनंतर अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या राज्याच्या सामाईक परीक्षेत, मागे का पडते आणि त्यावरून तिची कुवत ठरते का, असे आपण विचारले आहे. कोल्हापुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना अशा अनेक मुली मी पाहतो, आणि त्यांची कुवत पर्सेंटाइलच्या आकड्याने, म्हणजे आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण किती टक्के परीक्षार्थींना मिळाले यावरून, ठरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पहिला अडसर भाषेचा आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तके येतात. संकल्पना समजली तरी प्रश्नाचे वाक्य उलगडण्यात वेळ जातो, आणि सीईटीत गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे असतात, तेही फक्त इंग्रजीतून. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राला मराठीचा पर्याय आहे, परंतु दोन वर्षे इंग्रजी संज्ञांतून शिकलेल्या मुलांना तो ऐनवेळी परका वाटतो. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांना हे ओझे बरेच हलके असते.

दुसरा अडसर शाळेचा. सुमारे वीस टक्के प्रश्न अकरावीवर असतात, आणि अकरावी हेच आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित वर्ष आहे. ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयात गणिताची जागा रिक्त असली, की घड्याळी तासिकेवरचे (तासाप्रमाणे मानधन घेणारे) शिक्षक दिवाळीच्या सुमारास मिळतात आणि तोवरचा अभ्यासक्रम मागे राहतो तो राहतोच. शहरातली मुले त्याच काळात खासगी क्लासमध्ये संगणकावर सराव परीक्षा देत असतात. बोर्डात पायऱ्यांना गुण मिळतात, सीईटीत केवळ अचूक पर्यायाला. हा बदल सरावानेच अंगवळणी पडतो. शिवाय पर्सेंटाइल इतरांच्या तुलनेतच ठरत असल्यामुळे क्लासवाल्यांच्या सरावाचा फटका सराव न मिळालेल्यांना थेट बसतो.

घरची परिस्थिती याहून खोल जाते. एसटीच्या वेळा, ऊसतोडीच्या हंगामातली कामे, धाकट्या भावंडांची जबाबदारी यांत मुलीच्या अभ्यासाचे तास आधी कापले जातात, आणि शहरात खोली घेऊन राहायचे म्हटले की खर्चाइतकीच घरच्यांची काळजी आड येते. शिकण्याआधी राहण्या-जेवणाची सोय लागते हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. तालुक्याच्या मुलींसाठी ती गरज आजही तितकीच खरी आहे.

आपल्या ओळखीत अशी मुलगी असेल, तर तिला अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून इंग्रजी संज्ञांची मराठी अर्थासह वही ठेवायला सांगावे, आठवड्याला एक तरी वेळ लावून सोडवलेली प्रश्नपत्रिका व्हावी, आणि बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी), महाज्योती (इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी) या राज्य शासनाच्या संस्थांपैकी तिला लागू असणाऱ्या संस्थेच्या प्रशिक्षण योजनांची चौकशी दहावीच्या निकालानंतर लगेच करावी, कारण अर्जाची मुदत बहुतेकांना ती उलटून गेल्यावरच कळते.