मालिका बघून लेखकाला अपेक्षित नव्हता तो अर्थ काढला, तर प्रेक्षकाचं चुकतं का?

तुम्ही लिहिलंय की ब्रेकिंग बॅड ही अमेरिकन मालिका बघताना वॉल्टर व्हाइट, म्हणजे कॅन्सर झाल्यावर ड्रग्ज बनवायला लागलेला तो शाळेतला मास्तर, तुम्हाला शेवटपर्यंत हिरोच वाटला, त्याची बायको स्कायलर डोक्यात गेली, आणि मित्र म्हणतो की लेखकाला हे अभिप्रेतच नव्हतं. मग तुमचं चुकलं का, असा प्रश्न आहे. वॉल्टर कुणाला आवडला याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण ‘स्कायलर डोक्यात गेली’ हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण नेमक्या याच वाक्यावरून माझं आणि माझ्या सख्ख्या भावाचं जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दादा पुण्याहून नाशिकला घरी येऊन राहिला होता. रात्री जेवणं उरकली की आम्ही दोघं टीपॉयवर लॅपटॉप ठेवून रोज दोन-तीन भाग बघायचो, असं करत करत पाचव्या सीझनमधल्या ओझिमँडिअस या भागापर्यंत आलो. त्यातला तो फोन आठवा. वॉल्टर तान्ह्या मुलीला उचलून पळालाय, रात्री घरी फोन करतो, घरात पोलीस बसलेत हे त्याने ओळखलंय, आणि तो स्कायलरला वाट्टेल ते बोलतो, तू कधी माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस, मी एवढं केलं त्याची तुला किंमत नाही, हे सगळं मी एकट्याने उभं केलं, तुला यातलं काय कळतं. दादाने मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, “बरं झालं, पाच सीझन याचीच वाट बघत होतो.” मी म्हटलं दादा, त्याच्या तोंडाकडे बघ ना, तो रडतोय. आवाजात नुसता जाळ आहे आणि डोळ्यांतून पाणी चाललंय. बायको या सगळ्यातून सुटावी म्हणून तो पोलिसांना ऐकवतोय. आणि तिच्याकडेही बघ, आधी ती हादरते, मग मध्येच तिच्या लक्षात येतं आणि ती गप्प होऊन त्याला बोलू देते. दादा म्हणाला, “तू लेखकाच्या डोक्यात काय होतं ते सांगतेस, मला प्रेक्षक म्हणून काय वाटलं ते मी सांगतोय, दोन्ही बरोबर.”

इथेच माझं टाळकं सरकलं. लेखकाच्या डोक्यात शिरायची मला गरजच नव्हती, मी समोर स्क्रीनवर काय दिसतंय ते सांगत होते. मालिकेचा कर्ता विन्स गिलिगन याने साध्या मास्तराचा गुंड होताना दाखवायचं ठरवूनच ही मालिका आणली होती हे सगळ्यांना माहितीये, पण समजा त्याने आयुष्यात एकही मुलाखत दिली नसती, तरी पहिल्या सीझनचा पाचवा भाग आहेच की. वॉल्टरचा जुना पार्टनर एलियट त्याला नोकरी देऊ करतो, पाठोपाठ एलियटची बायको ग्रेचेन उपचाराचा सगळा खर्च करायला तयार असते, आणि हा अहंकारापोटी दोघांना नाही म्हणतो. कुटुंबासाठी केलं हे कारण तिथेच संपलं. उरलेला भ्रम शेवटच्या भागात तो स्वतःच स्कायलरसमोर मोडतो, हे मी माझ्यासाठी केलं असं कबूल करतो. एवढं डोळ्यांसमोर असताना कुणी म्हणालं की मला तर कुटुंबासाठी झटणारा बाप दिसला, तर त्याने अर्थ लावला नाही, अर्धी मालिका वगळली.

आता मला हे एवढं का लागलं ते सांगते. पहिल्याच भागात एक अगदी छोटा सीन आहे, बहुतेकांना आठवतही नाही. घरी स्कायलर वॉल्टरला विचारते, मास्टरकार्डावर १५.८८ डॉलर कशाचे लागलेत? तो म्हणतो प्रिंटरचे कागद आणले. ती म्हणते ते कार्ड आपण वापरत नाही ना. बास, एवढंच. दादा तिथेच म्हणाला होता, झाली हिची कटकट सुरू.

आमच्या घरी हा सीन मी प्रत्यक्ष बघितलाय. मी आठवीत होते. आई पासबुक भरून आणायची आणि जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून एकेका एंट्रीवर बोट ठेवत जायची. एक दिवस तिचं बोट १,८६० वर थांबलं. “अहो, हे कशाचे गेले?” बाबा म्हणाले, “असंच, ऑफिसचं.” पुढच्या महिन्यात परत १,८६०. तो पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता होता, बाबांनी शेअर बाजारात घालायला परस्पर काढलेलं कर्ज, आणि आईला ते कळायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत आत्या, काका, शेजारच्या काकू सगळे एकच म्हणत होते, ही फार टोकते त्याला, तो बिचारा तुमच्यासाठीच मरमर करतोय. दादा तेव्हा इंजिनिअरिंगच्या होस्टेलला होता. त्याने सुट्टीत येऊन पाहिलं ते एवढंच, दमलेले बाबा आणि चिडलेली आई. मधली बोलणी त्याने ऐकलीच नाहीत.

म्हणून सांगते, प्रेक्षक स्वतःचं घर घेऊनच मालिकेसमोर बसतो, तोही आणि मीही. पण याचा त्रास खऱ्या माणसाला होतो. स्कायलरचं काम करणाऱ्या ॲना गनला लोकांचा इतका द्वेष सोसावा लागला की २०१३ मध्ये, मालिका चालू असतानाच, तिने न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लेख लिहिला. आपल्याकडे रात्रीस खेळ चालेमध्ये अण्णा नाईकांसारखा माणूस लोकांनी डोक्यावर घेतला. मला तिथेही त्याची बायको माईच दिसत राहिली.

आता दादाच्या बाजूचं पण सांगायला हवं. फोनवरचा सगळा राग नाटकी नाही, त्यातला थोडा वॉल्टरच्या खरंच पोटातला आहे असं मला आता वाटतं, त्यामुळे दादाला जे ऐकू आलं ते अगदीच हवेतलं नव्हतं. आणि कॅमेरा इतका वेळ एकाच माणसाच्या मागे फिरवायचा, त्याची भीती, त्याची हुशारी सगळं जवळून दाखवायचं, मग प्रेक्षक त्याचा झाला तर सगळा दोष प्रेक्षकाला देऊन कसं चालेल? गिलिगनने स्वतःच २०२५ मध्ये रायटर्स गिल्डचा पुरस्कार घेताना सांगितलं की आता चांगली माणसं जास्त लिहायला हवीत. तेव्हा तुम्हाला वॉल्टर आवडला यात पाप काही नाही. फक्त एकदा परत बघा, आणि स्कायलर कुठला प्रश्न विचारते आणि त्याला कुठलं उत्तर मिळतं एवढंच बघा, दुसऱ्या सीझनच्या शेवटी ऑपरेशनआधीच्या गुंगीत, ती फोनबद्दल विचारते तेव्हा, ‘कुठला फोन?’ असं वॉल्टर बोलून जातो आणि त्याने लपवलेला दुसरा फोन उघड होतो तिथपर्यंत.

गेल्या वर्षी मी आईला तो १५.८८ वाला सीन दाखवला, गोष्ट न सांगता. तिने विचारलं, पंधरा डॉलर म्हणजे किती गं? मी म्हटलं हजाराच्या वर. “आणि कार्ड वापरायचं नाही असं ठरलं होतं?” हो म्हटलं. “मग विचारेल नाही तर काय.” आणि ती भाजी निवडायला बसली.

दादा इथे वाचतो हे मला माहितीये. दादा, पहिल्या सीझनचा पाचवा भाग परत बघ, आणि रविवारी घरी ये. ते पासबुक आईने अजून कपाटात ठेवलंय.